लोकल, ओटा आणि ऑफिस सांभाळून दिवसभर नाम कसं घ्यायचं (नवीन लोकांसाठी)

सुरुवातीलाच सांगून टाकते, यात पहाटे चारला उठा, गार पाण्याने आंघोळ करा आणि तासभर मांडी घालून बसा असलं काही नाहीये. मुंबईत ज्याला सकाळी डबे भरून, पोरांना स्कूल बसमधे कोंबून आठच्या आत स्टेशन गाठायचंय त्याला असे सल्ले दिले की तो चार दिवस उत्साहाने करतो, पाचव्या दिवशी चुकतं, आणि मग देवघराकडे बघायचीसुद्धा लाज वाटायला लागते. त्यातून गंमत अशी की ज्याचं चुकतं तोच स्वतःला नालायक समजतो, सल्ला देणारा मात्र मजेत.

अखंड नामस्मरण म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, मग काम कधी करायचं? तर काम करतानाच करायचं. वेळ काढायचा नाही, दिवसात जे आधीच आपोआप घडतंय त्याला नाम जोडून द्यायचं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, खाली फक्त ते कसं करायचं ते आहे.

आणि हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. आपल्याकडचे संत बघा ना, अरणचे सावता माळी मळ्यात कांदा-मुळा लावत होते, तेरचे गोरोबाकाका चिखल तुडवत होते, सेना महाराज हजामत करत होते, नरहरी सोनार दागिने घडवत होते, जनाबाई नामदेवांच्या घरी दळण-कांडण करत होती. यातल्या कोणीही देवासाठी रजा टाकलेली नाही. जात्याच्या जागी मिक्सर आलाय, बाकी फार काही बदललेलं नाही.

पहिली पायरी : एकच नाम निवडा

इथे लोक उगीच अडकतात. वारकऱ्यांचं 'राम कृष्ण हरी' आहे, गोंदवलेकर महाराजांनी (१८४५ ते १९१३) जे घराघरात पोचवलं ते 'श्रीराम जय राम जय जय राम' तेरा अक्षरांचं, दत्तसंप्रदायातलं 'दिगंबरा दिगंबरा श्रीपाद वल्लभ दिगंबरा' अठरा अक्षरांचं, शिवाय 'श्री स्वामी समर्थ' आहे, 'ॐ नमः शिवाय' आहे, तुमचं कुलदैवत आहे. कुठलं चांगलं? जे तुमच्या आजीच्या तोंडात होतं ते. खरंच. कारण ते लहानपणापासून कानात बसलेलं असतं, ते आठवायला कष्ट पडत नाहीत. आजीचं काही आठवत नसेल तर जे म्हणताना जीभ अडखळत नाही ते घ्या.

गुरू पाहिजे का, दीक्षा पाहिजे का? विशिष्ट मंत्राचं अनुष्ठान करायचं असेल तर जाणत्या माणसाकडून घ्यावं अशी रीत आहे, पण साध्या नामाला संतांनी कुठलीच अट ठेवलेली नाही, ना जातीची ना वेळेची ना सोवळ्याची. पाळीच्या दिवसांत घेतलं तर चालतं का हे मला बायका हळू आवाजात विचारतात, चालतं, बिनधास्त घ्या, देवघराजवळ जायचं की नाही ते तुमच्या घरच्या रीतीप्रमाणे ठरवा पण नाम कोणी अडवू शकत नाही. चप्पल घालून? चालतं. मासे खाल्ल्यावर? अहो कोकणी माणूस मासे सोडून नाम घ्यायला बसला तर नाम राहील बाजूला आणि दिवसभर डोक्यात बांगडाच फिरेल. पुढे स्वतःला वाटलं तर सोडा. (वारकऱ्यांची तुळशीची माळ गळ्यात घातली की मग मांसाहार सोडावा लागतो, तो वेगळा विषय, घाई करून माळ घालू नका.)

एकदा निवडलं की निदान दोन-तीन महिने बदलायचं नाही. मोबाईलवर दर गुरुवारी कोणीतरी नवीन 'प्रभावी' मंत्र पाठवतोच, तो वाचा, नमस्कार करा आणि सोडून द्या.

दुसरी पायरी : एक खुंटी शोधा

खुंटी म्हणजे दिवसातली अशी गोष्ट जी तुम्ही विसरलात तरी होणारच आहे. तिच्यावर नाम टांगायचं. पहिल्या आठवड्यात फक्त एक, हौसेने पाच-सहा घेऊ नका.

लोकलने जाणाऱ्यांसाठी तयार खुंटी आहे, डब्यातली अनाउन्समेंट. 'पुढील स्टेशन विक्रोळी' हे तीन भाषांत सांगून होईपर्यंत तीन-चार वेळा नाम आरामात होतं. मुलुंडहून स्लो गाडी पकडली तर नाहूरपासून सीएसएमटीपर्यंत सतरा स्टेशनं येतात, म्हणजे काहीही न करता कोणीतरी सतरा वेळा तुमच्या खांद्यावर हात ठेवून आठवण करून देतंय, तेही पासाच्या पैशात. सुरुवातीला काय होतं की भांडुपला आठवतं आणि एकदम भायखळाच येतं, मधलं सगळं मोबाईलमधे किंवा चौथ्या सीटवरच्या भांडणात गेलेलं असतं. जाऊ दे. भायखळ्याला आठवलं ना, भायखळ्यापासून चालू. गेलेल्या स्टेशनांची भरपाई म्हणून जास्त घ्यायचं नाही, कपाळावर हात मारून घ्यायचा नाही, आठवण झाली तेच स्मरण. हा एक मुद्दा नीट डोक्यात बसला तर निम्मं काम झालं, कारण बहुतेकांचं नाम विसरल्यामुळे नाही तर विसरल्याच्या अपराधी वाटण्यामुळे सुटतं.

गर्दीत नाम कसं घ्यायचं हेही सांगते. जपाचे तीन प्रकार सांगितलेत. वाचिक म्हणजे ऐकू येईल असा, उपांशु म्हणजे ओठ हलतात पण शेजारच्याला ऐकू जात नाही असा, आणि मानसिक. नवीन माणसाने थेट मानसिक धरला की दोन मिनिटांत मन भाजीच्या यादीवर जातं, म्हणून ट्रेनमधे उपांशु बरा, ओढणी किंवा मास्क असेल तर कोणाला कळतही नाही. मोजायचं असेल तर बोटांची पेरं वापरा, अंगठा मोकळा ठेवायचा आणि त्याने बाकी चार बोटांची पेरं मोजायची, प्रत्येक बोटाला तीन म्हणजे एका हाताची बारा, असं नऊ वेळा झालं की एकशे आठ. वरच्या हँडलला लटकलेल्या हाताने हे जमत नाही, पर्स पोटाशी धरलेल्या हाताने मस्त जमतं. साधारण पाच मिनिटं लागतात.

माळ वापरायची तर घरी. मधलं बोट आणि अंगठा वापरतात, पहिलं बोट लावत नाहीत, आणि मेरुमणी (माळेच्या जोडावरचा वेगळा मणी) आला की तो ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवून परत निघायचं. आमच्या डब्यात वांद्र्याला जाणारी एक बाई रोझरी (ख्रिस्ती जपमाळ) घेऊन बसते, तिच्यात ५९ मणी असतात, आणि कुर्ल्याला चढणारी एकजण छोटी ३३ मण्यांची तसबीह (मुसलमानांची जपमाळ) वापरते. दादरला दोघी उतरतात, तोवर तिघींची बोटं आपापल्या मण्यांवर. कोणी कोणाला काही विचारत नाही.

कानात इअरफोन घालून भजनं ऐकणं म्हणजे नाम का? ते श्रवण, तीही भक्तीच आहे, पण ऐकणं आणि आपण म्हणणं यात फरक पडतो हे करून बघितल्यावर कळेल. डब्यातल्या भजनी मंडळात बसायचा चान्स मिळाला तर मात्र सोडू नका. टाळ, ढोलकी, कोणाच्या तरी बॅगेतून निघालेली पाठ करायची वही, आणि दसऱ्याला डब्याला तोरण बांधून केलेली पूजा, हे या शहरातच बघायला मिळतं. ओळख लागत नाही, त्याच गाडीच्या त्याच डब्यात दोन दिवस चढा, तिसऱ्या दिवशी तुमच्या हातात टाळ येतात. (सगळ्यांनाच सकाळी आवाज आवडतो असं नाही, झोपलेल्या माणसाच्या कानाशी टाळ वाजवू नयेत हे आपलं माझं मत.)

आणि एक, स्कूटर-गाडी चालवताना किंवा रस्ता ओलांडताना डोळे मिटून नामात रंगायचं नाही. नामात रंगून चिखल तुडवताना गोरोबाकाकांच्या पायाखाली त्यांचंच तान्हं मूल आलं, ही गोष्ट सगळ्यांना माहितीये. हायवेवर नाम घ्यायचं ते डोळे उघडे ठेवून आणि हॉर्न ऐकू येईल इतपतच.

तिसरी पायरी : घर

आठवडाभर एक खुंटी टिकली की घरातली एक घ्या. ज्यांच्याकडे पालिकेचं पाणी ठरावीक वेळेला येतं त्यांना सांगायलाच नको, पिंप भरेपर्यंत नळापाशी उभं राहायचंच असतं. तेवढा वेळ मोबाईल लांब ठेवायचा आणि पाण्याच्या आवाजात मोठ्याने नाम घ्यायचं, घरातल्यांची झोपमोडही होत नाही. दुसरी खुंटी कुकरची शिट्टी. तिसरी चहा उतू जायची वाट बघणं, ती एक-दीड मिनिटं मुंबईतल्या माणसाला दिवसातली सगळ्यात रिकामी मिळतात.

जेवणाचं थोडं सविस्तर सांगते कारण समर्पणाची सवय इथेच लागते. घरी नैवेद्य दाखवतात तेव्हा ताटाखाली पाण्याने चौकोन काढतात, ताटाभोवती पाणी फिरवतात, डोळे मिटतात. सकाळी सव्वासातला हे रोज शक्य नाही. मग डबा भरताना झाकण लावायच्या आधी एक क्षण थांबायचं, हात जोडायचीही गरज नाही, 'हे तुझं' एवढं मनात म्हणायचं आणि झाकण लावायचं. दुपारी ऑफिसमधे डबा उघडला की ती तुमची भेंडी उरलेली नसते, प्रसाद झालेला असतो, आणि प्रसादाला कोणी 'आज पण भेंडीच' म्हणत नाही. निदान मोठ्याने तरी म्हणत नाही. शाळेत पंगतीला 'वदनी कवळ घेता' म्हणायचो ते ऑफिसच्या कँटीनमधे पुटपुटायला काहीच हरकत नाहीये, दहा सेकंद लागतात.

चौथी पायरी : ऑफिस, आणि आपल्या शब्दांत बोलणं

नाम आणि प्रार्थना यात नवीन लोक गोंधळतात. नाम म्हणजे तेच तेच शब्द, प्रार्थना म्हणजे आपलं बोलणं. दोन्ही लागतं. नुसतं नाम असेल तर कधीकधी ते यंत्रासारखं होतं आणि नुसतं मागणं असेल तर देव म्हणजे कस्टमर केअर.

ऑफिसमधे फोन वाजला की उचलायच्या आधी एकदा नाम. रागात लिहिलेला मेल पाठवायचं बटण दाबायच्या आधी एकदा. हे दुसरं मी सगळ्यांना सांगते कारण त्याचा व्यावहारिक फायदा इतका आहे की नास्तिकांनीही करावं. मीटिंगला आत शिरताना साध्या मराठीत एक वाक्य, 'देवा, आज माझा आवाज चढू देऊ नकोस' किंवा 'समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायची बुद्धी दे'. संस्कृत यायला पाहिजे असं काही नाही, देवाला मालवणीही कळते आणि आगरीही.

राग आला असेल तर रागही त्यालाच सांगा. आपल्याकडे याची सोय मोठी आहे, जनाबाईने विठोबाला 'विठ्या' म्हणून शिव्या घातल्यात, तुकोबा त्याच्याशी कडकडून भांडलेत, नामदेवांनी रुसवे केलेत. तेव्हा प्रमोशन नाकारलं गेल्यावर शांतपणे 'तुझी इच्छा' म्हणायचं ढोंग करू नका. बाथरूममधे जाऊन दोन मिनिटं विठ्ठलाला झाडा, मग तोंड धुऊन बाहेर या. देवाशी अबोला धरण्यापेक्षा भांडण कधीही बरं.

पाचवी पायरी : सोपवणं

नवविधा भक्ती मोजली तर श्रवण, कीर्तन, स्मरण, पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य, सख्य आणि शेवटी नववी आत्मनिवेदन. म्हणजे स्वतःला देऊन टाकणं सगळ्यात शेवटी आहे, आणि आपण सगळे पहिल्याच दिवशी तिथे उडी मारायला बघतो, 'मी सगळं देवावर सोडलंय'. सोडलेलं काहीच नसतं, फक्त करायचं काम बाकी असतं. म्हणून मी नवीन लोकांना आत्मनिवेदन सांगतच नाही, एकेक गोष्ट सोपवायला सांगते, तीही काम झाल्यावर.

पावसाळ्यात गाडी सायन-कुर्ल्याच्या मधे थांबते, रुळांवर पाणी, पंखे बंद, कोणाला काही माहीत नाही. हा सोपवण्याचा सगळ्यात चांगला क्लास आहे. आता तुमच्या हातात काय आहे? घरी एक फोन करणं, पाळणाघराला कळवणं, मोबाईलची बॅटरी वाचवणं, बाटलीतलं पाणी जपून पिणं, शेजारी कोणाला चक्कर येत असेल तर खिडकीपाशी जागा करून देणं. एवढं करा. मग उरतं ते म्हणजे गाडी कधी हलणार, आणि ते ना तुमच्या हातात आहे ना मोटरमनच्या. दर अर्ध्या मिनिटाला दाराकडे जाऊन वाकून बघितल्याने पाणी ओसरत नाही. तिथे म्हणायचं, 'माझं करून झालं, आता तुझं', आणि नाम चालू करायचं. पाच मिनिटांनी परत काळजी येणार. परत म्हणायचं. अशी ओढाताण पन्नास वेळा झाली तरी चालेल, यालाच सोपवण्याचा सराव म्हणतात, एकदा म्हटलं आणि मन गप्प झालं असं कोणाचंच होत नाही.

मोठ्या गोष्टींनाही हेच. समजा चाळीचं रिडेव्हलपमेंट अडकलंय, भाड्याचा चेक थांबलाय, रात्री झोप येत नाही. सोसायटीच्या मीटिंगला जाणं, करारनामा वकिलाला दाखवणं, लेखी पत्र देऊन पोचपावती घेणं, हे सगळं भक्तीच्या आधी. देवावर भरवसा म्हणून न वाचता सही करायची नसते, तिथे बिल्डर असतो, देव नसतो. आईच्या रिपोर्टचं टेन्शन असेल तर टेस्ट करा, औषध वेळेवर द्या, सेकंड ओपिनियन घ्या. मन सतत काळवंडलेलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर डॉक्टरकडे जाणं हासुद्धा त्याचाच भाग समजा, आणि घरात कोणी हात उगारत असेल तर ते सहन करणं म्हणजे समर्पण अजिबात नाही, तिथे आधी सुरक्षित जागी जायचं. आणि कोणी बाबा-माताजी म्हणाले की देवाला सोपव म्हणजे आमच्या अकाउंटला पाठव, तर तिथून चप्पल घालून निघा.

हे सगळं करून जे उरतं ते रात्री सोपवायचं. त्याची एक जुनी रीत आहे जी आपल्या आजोबांना पूजेनंतर करताना पाहिली असेल. पळीत पाणी घ्यायचं, उजव्या तळहातावर ओतायचं आणि 'श्रीकृष्णार्पणमस्तु' म्हणून ते ताम्हनात सोडायचं. मी ही रीत सगळ्यांना करायला लावते कारण नुसतं मनात म्हटलेलं सोपवणं मनातच फिरत राहतं, पाणी मात्र खरंच हातातून जातं, तळहात ओला राहतो आणि रिकामा होतो. ज्या गोष्टीची काळजी आहे तिचं नाव घ्यायचं, 'बाळाची ॲडमिशन', 'कर्जाचा हप्ता', आणि सोडायचं. ताम्हन-पळी नसेल तर वाटी आणि चमचा. हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी कुंडीत सोडलं तरी झाड तक्रार करत नाही. सकाळी ते पाणी तुळशीला.

झोपायच्या आधी बरं झालं ते सांगायचं, चुकलं ते सांगायचं, उद्याचं एक मागायचं, दोन मिनिटांत आटपायचं. अंथरुणात पडून केलं तरी चालेल, मधेच झोप लागली तर उत्तमच.

बाकी किरकोळ

मन लागत नाही ही तक्रार सगळ्यांचीच. मन लागायची वाट बघू नका, जीभ चालू ठेवा. किती झालं ते सुरुवातीला मोजा म्हणजे शिस्त लागते, पण बोटात काउंटर घालून घरातल्यांना आकडा सांगायला लागलात की मोजणं बंद करा. नवरा किंवा सासू चेष्टा करत असेल तर नाम मनात न्या, वाद घालू नका. उलट तुम्ही नाम घेता म्हणून भांडी तशीच पडली असतील तर चेष्टा रास्त आहे, आधी भांडी घासा, घासताना घ्या.

मंदिरात जायचंच असेल तर मंगळवारी सिद्धिविनायकाच्या रांगेत किंवा आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठलाला उभे राहाल तेव्हा रांगेचा वेळ हाच जपाचा वेळ धरा. रांगेत दोन तास आणि मूर्तीसमोर दोन सेकंद मिळतात, त्यामुळे सगळी भिस्त त्या दोन सेकंदांवर ठेवली की माणूस बाहेर येताना सिक्युरिटीवर चिडलेला असतो.

आणि रविवारची वेगळी तयारी ठेवा. ही गोष्ट कोणी सांगत नाही. सोमवार ते शनिवार छान चालतं कारण खुंट्या सगळ्या कामाच्या दिवसाच्या असतात, रविवारी ना गाडी ना डबा ना ऑफिसचा फोन, माणूस दहाला उठतो आणि रात्री लक्षात येतं की दिवसभरात एकदाही नाम आलं नाही. तर रविवारसाठी दोन वेगळ्या खुंट्या शनिवारीच ठरवा. बाजारात जाणार असाल तर मासे किंवा भाजी निवडताना, कपडे वाळत घालत असाल तर दर चिमट्याला एक, दुपारी टीव्ही लावलात तर जाहिराती लागल्या की आवाज बंद करून. मेगाब्लॉकला बाहेर पडलात तर प्लॅटफॉर्मवर इंडिकेटरवरची वेळ पुढे पुढे सरकत जाते, तेवढ्यात एक माळ सहज होते.